राजा परत येणार म्हणे! सेबॅस्टियनच्या दंतकथेने पोर्तुगालचं भलं केलं की वाटोळं?

रानवाट: पोर्तुगालचा राजा सेबॅस्टियन २४ व्या वर्षी मोरोक्कोवर चालून गेला आणि ४ ऑगस्ट १५७८ ला अल्कासेर किबीरच्या लढाईत संपला. ना लग्न, ना वारस. पुढे म्हातारा चुलत आजोबा गादीवर बसला, तोही १५८० त गेला आणि स्पेनच्या फिलिपने राज्य गिळलं. लोक मात्र म्हणत राहिले, राजा मेला नाही, धुक्यातून परत येणार! फौज बुडवली याच पोराच्या हट्टाने, आणि तारणहारही हाच? या कथेने देशाला हातावर हात ठेवून बसायला शिकवलं.

उंबरठा: हातावर हात? १५८५ त पोर्तुगालच्या एरिसेइरा गावात "मीच सेबॅस्टियन" म्हणणारा तोतया उभा राहिला तेव्हा शेतकरी हत्यारं घेऊन त्याच्यामागे गेले. परक्या राजाला "तू आमचा धनी नाहीस" हे सांगायची दुसरी सोय कोणती होती? लिस्बनमधल्या बेलेंच्या मठात फिलिपने आणवलेलं सेबॅस्टियनचं शव पुरलंय, तरी थडग्यावर कोरलंय काय, तर "म्हणतात ते खरं असेल तर"!

रानवाट: तोतयेच काढलेत तर स्पेनमधल्या माद्रिगालचा पेस्ट्रीवाला घ्या. एका पोर्तुगीज साधूने त्याला राजा बनवला. तिथल्या मठातली आना, खुद्द फिलिपची पुतणी, भुलली आणि दागिने देऊन बसली. तेच दागिने घेऊन स्वारी वायादोलिदला सापडली, १५९५ त फासावर. १६४० ला स्वातंत्र्य मिळालं ते लिस्बनच्या सरदारांनी कट केला म्हणून, शिवाय स्पेन आपल्याच कॅटालोनिया प्रांताच्या बंडात अडकलेला.

पेठकर: पानिपतानंतर आपल्याकडेही भाऊसाहेबांचा तोतया आलाच की. पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नव्हतं, तोतयाला माणसंही मिळाली, १७७६ त मारला गेला. पण "भाऊ येतील आणि राज्य वाचवतील" असा पंथ काही निघाला नाही. कारण उघड आहे: माधवरावांनी घडी बसवली होती. पोर्तुगीजांची गादीच गेली होती, त्यांनी धरायचं तरी काय?

रानवाट: पटण्यासारखं आहे, पण मग १६४० ला गादी परत मिळाल्यावर हे थांबायला हवं होतं. थांबलं कुठे? १८३८ त ब्राझीलच्या पेद्रा बोनितात याच राजाला जागं करायला माणसं बळी दिली, लेकरांसकट.

उंबरठा: पेद्रा बोनिता आहे त्या पेर्नांबुको प्रांताच्या कोरड्या मुलखात सगळं जमीनदारांच्या मुठीत. तिथल्या भुकेचा हिशोब लिस्बनच्या खात्यावर कशाला मांडता?