पुढचा ब्रेक लई किंचाळतोय, उपाय सांगा

मदत हवी आहे, मंडळी. रविवारी संभाजीनगरहून खुलताबादला सायकलवर जातो. परतताना दौलताबादचा घाट उतरताना पुढचा व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी रबरं दाबणारा) असा किंचाळतो की मोटारसायकलवाले वळून बघतात! रिम स्पिरिटनं पुसली, रबरं पॉलिश पेपरनं घासली, त्यात रुतलेली बारीक कच सुईनं काढली. दोन दिवस शांत, मग पुन्हा तेच. (शेजारच्या काकांनी तेलाचा थेंब सोडायला सांगितलं. त्यांना लांबूनच रामराम. घाटात थांबायचंय मला.)

रबराचं पुढचं टोक रिमला आधी टेकावं, म्हणून मागच्या टोकाखाली 1 मिलिमीटरचा पुठ्ठा ठेवतो. पण नट आवळला की रबर फिरतंच, राव. ते जागच्या जागी कसं धरता तुम्ही? रबरावरच्या, झीज दाखवणाऱ्या खाचा अजून दिसतात, तरी रबरं बदलूनच टाकू का?