उदमांजराच्या चुलतभावंडांना मराठीत काय म्हणतात? मदत हवी आहे

मंडळी, गोव्यात वाळपईजवळच्या आमच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) रात्री उदमांजर येतं. डोळ्यांभोवती काळा मुखवटा, अंगाएवढी लांब शेपूट. सकाळी दगडावर विष्ठा, तिच्यात बिया जशाच्या तशा. हे ओळखीचं.

शाळेसाठी सिव्हेट कुळाचा, म्हणजे उदमांजर ज्यात मोडतं त्या कुळाचा, तक्ता करायला घेतला आणि हेमिगॅलिनी उपकुळापाशी अडकलो. चारच जाती, चारही आग्नेय आशियातल्या: पट्टेरी पाम सिव्हेट, ओस्टनचं, बोर्निओतलं होजचं आणि अर्धं आयुष्य पाण्यात काढणारं ऑटर सिव्हेट. पहिल्याच्या नावात ‘पाम सिव्हेट’ असलं तरी ते आपल्या उदमांजराच्या पॅराडॉक्सुरिनी उपकुळातलं नाही. (नाव ठेवणाऱ्याला नमस्कार!) ‘पट्टेरी उदमांजर’ लिहिलं तर मुलं त्याला चुकीच्या फांदीवर टांगणार. ओस्टनचं तर कुठे स्वतंत्र क्रोटोगेल प्रजातीत (म्हणजे जीनसमध्ये), कुठे पट्टेरीच्याच हेमिगॅलसमध्ये. मी स्वतंत्रच ठेवतोय. चूक असेल तर सांगा.

या चौघांना रुळलेली मराठी नावं आहेत का? आणि सह्याद्रीतल्या तपकिरी उदमांजराला, म्हणजे मुखवटा नसलेल्या, मानेवरचे केस उलटे फिरलेल्या जातीला, गोव्याच्या सत्तरी-सांगे भागात वेगळं नाव कुणी ऐकलंय का? तक्ता सोमवारी लावायचा आहे.