मदत हवी आहे: लास वेगासला ड्रिंक हातात घेऊन फिरता येतं का?

भटक्या: शनिवारी पोचतोय, ग्रुप आहे. नेटवर एक जण म्हणतो बिनधास्त फिरा, दुसरा म्हणतो दंड होतो. दुकानातून बिअर घेऊन रस्त्यावर प्यायली तर चालेल का? हो की नाही एवढंच सांगा, फाटे फोडू नका.

रानवारा: उतरताय कुठे? स्ट्रिपवर (मोठ्या कॅसिनो-हॉटेलांचा मुख्य रस्ता) की डाउनटाऊनला (जुना भाग)? स्ट्रिपचा बहुतेक भाग वेगास शहरात येतच नाही, तिथे क्लार्क काउंटीचे (म्हणजे जिल्ह्याचे) नियम. डाउनटाऊनचा फ्रीमॉन्ट स्ट्रीट मात्र शहराच्या हद्दीत आणि तिथे जास्त कडक आहे.

मुक्ता: विमानात नेणार असाल तर २४ ते ७० टक्के अल्कोहोलची दारू चेक-इन बॅगेत माणशी ५ लिटरपर्यंत, सीलबंद. ७० च्या वरची अजिबात नाही.

भटक्या: विमानाचं विचारलंच नाहीये हो! हॉटेल स्ट्रिपवर, एक रात्र फ्रीमॉन्टला जाणार.

जुना_खेळाडू: विकत घ्यायचीच कशाला? मशीनवर खेळत बसलात की कॅसिनोत ड्रिंक फुकट येतं. आणून देणाऱ्या बाईंना दर वेळी एक-दोन डॉलर टिप ठेवा, त्या परत लवकर फिरकतात. उठताना ड्रिंक संपलं नसेल तर प्लास्टिकच्या कपात ओतून मागा.

रानवारा: टिपचं बरोबर, पण प्रश्न दुकानातल्या बिअरचा आहे. स्ट्रिपवर प्लास्टिकच्या कपातलं ड्रिंक घेऊन चालता येतं, काच नको. सीलबंद घेतलेली दारू मात्र त्या दुकानापासून १००० फुटांच्या आत उघडायची नाही. फ्रीमॉन्टवर बाहेरून आणलेले कॅन-बाटल्या नकोतच, तिथल्याच बारमधून कपात घ्या.

अभि_क: पुस्तकी माहिती. आम्ही स्ट्रिपवरच्या बेलाजिओ हॉटेलच्या कारंज्यासमोर कठड्याला टेकून कॅन पीत उभे होतो, पोलीस शेजारून गेले, कुणी हटकलं नाही.

रानवारा: हटकलं नाही म्हणजे नियम नाही असं नव्हे. ३१ डिसेंबरच्या रात्री तिथे कॅनसुद्धा चालत नाही. परक्या देशात पोलिसांच्या मर्जीवर कशाला राहायचं?

अभि_क: ते ३१ डिसेंबरला जात नाहीयेत. उगाच घाबरवू नका.

मुक्ता: भाड्याची गाडी घेताय का? चालत्या गाडीत उघडी बाटली नेवाडात गुन्हा आहे, मागे बसलेल्यांच्या हातात असली तरी. टॅक्सी, लिमोच्या प्रवाशांना सूट आहे. आणि स्ट्रिपवरच्या पादचारी पुलांवर फोटोसाठी थांबू नका, २०२४ पासून तिथे थांबायलाच बंदी आहे.

भटक्या: गाडी नाही घेत. कपात ओतून घेऊ मग. चुलतभाऊ २० चा आहे, पण तो कोकच पिणार.

रानवारा: अहो, हे आधी सांगायचं! वय २१ लागतं. नुसतं पिणंच नाही, सार्वजनिक ठिकाणी दारू जवळ बाळगणंही त्याला चालत नाही. तुम्ही फोटो काढताना 'जरा धर' म्हणून कप त्याच्याकडे देऊ नका. कॅसिनोतून चालत पलीकडे जाऊ शकतो, पण तुम्ही खेळताना मशीनपाशी थांबू शकत नाही. बाकीच्यांनी पासपोर्ट जवळ ठेवा.

जुना_खेळाडू: रुलेटचं (फिरत्या चाकाचा जुगार) टेबल निवडताना चाकावर शून्य एकच आहे ना तेही बघा. दोन किंवा तीन असलेल्या टेबलावर पैसे लवकर जातात.

भटक्या: रुलेट कुणी खेळत नाहीये. @रानवारा, आम्ही कॅसिनोत असताना त्याला थांबायला जागा कुठली? हॉटेलची लॉबी चालेल का?