शब्दचर्चा : पोकेमॉनचे डाव मराठीत कसे लावायचे?

मांडवीकर : पोकेमॉन या व्हिडिओ गेममधले प्राणी लढताना जे हल्ले नि युक्त्या वापरतात, त्या मूव्हजची मराठी यादी करतेय. आमच्या बडोद्याच्या घरात खेळ इंग्रजीत, शाळा गुजरातीत आणि भांडणं मराठीत, त्यामुळे गरज खरी आहे. खेळात तीन वर्ग आहेत : फिजिकल, स्पेशल, स्टेटस. ‘शारीरिक, विशेष, स्थिती’ लिहून पाहिलं, अगदी सरकारी अर्ज वाटतो. शिवाय सारख्या मूव्हजचं काय? पाउंड आणि स्क्रॅच घ्या. दोन्हींची ताकद ४०, नेम १००, वापर ३५ वेळा, प्रकार नॉर्मल. मराठीत मात्र एक धपाटा, दुसरा बोचकारा. आणि मुळात मूव्हला काय म्हणू, चाल?

रावपुऱ्याचे काका : चाल नको. चाल बुद्धिबळात, तिथे कोणाला लागत नाही. खेळ जपानी आहे, तिकडे मूव्हला ‘वाझा’ म्हणतात आणि ज्यूदोतल्या डावालाही वाझाच. म्हणजे सरळ ‘डाव’. जुम्मादादा व्यायाम मंदिर ज्या गावात, व्यायामज्ञानकोश ज्या गावातून निघाला, तिथे बसून डावाला शब्द शोधायचा म्हणजे कमाल झाली!

निझामपुरा : मग ‘या डावात त्याने दोन डाव टाकले’ हे कसं वाचायचं?

रावपुऱ्याचे काका : लढतीला लढत म्हणा, पाळीला पाळी.

भाचा : मावशी, पंचला आम्ही गुजरातीत ‘मुक्को’च म्हणतो. तेच ठेव ना.

मांडवीकर : नको रे बाबा. मराठीत आला की लोक ‘मुका’ वाचणार. त्यातून खेळात ड्रेनिंग किस नावाचा खराखुरा मुका आहेच. ठोसा बॉक्सिंगचा, बुक्की लहान पोरांची, धपाटा उघड्या हाताचा. गुद्दा कुठेही खपतो, तो घेते.

भाचा : मग सकर पंचला गुद्दा लावू नकोस. पोकेमॉनच्या अंगी आयर्न फिस्ट हा गुण असला की गुद्द्यांची ताकद २० टक्क्यांनी वाढते, पण सकर पंच त्यात धरत नाहीत. पंच फक्त नावात.

रावपुऱ्याचे काका : जपानी नावात मूठ नाहीच. ‘फुइउची’ म्हणजे बेसावध गाठून केलेला हल्ला. ‘दगाफटका’ म्हणा, आयता शब्द आहे.

निझामपुरा : वा! आता वर्गांकडे या. फिजिकलला ‘जवळचे’ आणि स्पेशलला ‘लांबचे’ म्हटलं तर पोरांना लगेच कळेल.

भाचा : कळेल, पण चुकीचं कळेल. अर्थक्वेक, म्हणजे भूकंप, फिजिकल आहे आणि त्यात स्पर्श नाही. ड्रेनिंग किस स्पेशल आहे आणि त्यात स्पर्श आहे. स्पर्शाचा हिशोबच निराळा : समोरच्याकडे स्टॅटिक हा गुण असेल तर त्याला हात लावणाऱ्याला लकवा होण्याची शक्यता ३० टक्के. फिजिकल म्हणजे मारणाऱ्याचा अटॅक आणि झेलणाऱ्याचा डिफेन्स मोजायचा. स्पेशलला एकाचा स्पेशल अटॅक आणि दुसऱ्याचा स्पेशल डिफेन्स. पूर्वी तर हे डावाच्या प्रकारावरून ठरायचं. आग, पाणी, वीज, बर्फ, सगळं सरसकट स्पेशल. हिटमॉनचॅन हा पोकेमॉन बघा. पक्का बॉक्सर, अटॅक १०५ आणि स्पेशल अटॅक अवघा ३५. त्याचे फायर पंच, आइस पंच, थंडर पंच हे तिन्ही त्या ३५ वर मोजले जायचे! जपानात २००६ साली डायमंड आणि पर्ल हे खेळ आले तेव्हा वर्ग डावागणिक ठरू लागला आणि तेच गुद्दे १०५ वर गेले. हात तोच, मूठ तीच.

रावपुऱ्याचे काका : म्हणजे बळ कुठून येतं हा प्रश्न आहे, अंतर किती हा नाही. मग शस्त्र आणि अस्त्र. शस्त्राला मनगट लागतं, अस्त्राला मंत्र. फ्लेमथ्रोअर म्हणजे अग्न्यस्त्रच की.

निझामपुरा : अस्त्र फेकतात, काका. मुका फेकणार का?

मांडवीकर : लोक फेकतात हो! पण खरंच, ‘रडणं हे तिचं शेवटचं अस्त्र’ म्हणतो तेव्हा कोण काय फेकतं? अस्त्र घेतलं. शस्त्र मात्र भूकंपाला शोभत नाही, म्हणून ‘बळाचे डाव’ आणि ‘अस्त्राचे डाव’. स्टेटसचं काय?

रावपुऱ्याचे काका : जपानीत तिसऱ्या वर्गाला ‘हेन्का’ म्हणतात, बदल. तेच बरं. स्थिती म्हटलं की झोप, विष, भाजणं एवढंच डोळ्यांपुढे येतं. लीअर आणि टेल व्हिप यातलं काहीच करत नाहीत, समोरच्याचा बचाव एक पायरी उतरवतात. लीअर म्हणजे डोळे वटारणं. टेल व्हिपला गोंडा घोळणं म्हणा. खेळातही त्या लाडिक शेपटीला भुलून समोरचा गाफील होतो. एक धाकाने, दुसरं लाडाने, फळ तेच.

मांडवीकर : गोंडा घोळणं मला सुचलंच नसतं! तर यादीत सारख्या परिणामाचे डाव एका ओळीत, नावं आपली. बडोदा संस्थानाच्या कारभारी शब्दांच्या कोशात, सयाजीशासनशब्दकल्पतरूत, १९३१ साली एकाच संज्ञेपुढे अनेक भाषांचे शब्द शेजारी मांडले होते, इथे एकाच भाषेतले मांडू. धपाटा आणि बोचकारा एका ओळीत. टॅकलही तिथेच बसेल. पहिल्या खेळांत त्याची ताकद ३५ आणि नेम ९५ होता, आता तोही ४० आणि १००. त्याला ‘धडक’ लिहिते.

भाचा : ढुशी लिही ना!

मांडवीकर : ढुशी हेडबटसाठी राखून ठेवली आहे.