घनसाळच्या रानात तीन तऱ्हेची वेगळी झाडं: काढायची कुठली, ठेवायची कुठली?

आजरेकर_रान

मंडळी, १२ गुंठ्यांत घनसाळ (आमच्या आजऱ्याचं सुवासिक भात) आहे. बी घरचंच. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तरवा (भाताची रोपं) लावला, अंतर २० बाय १५ सेंमी, चुडीला (एका जागी लावलेल्या जुडीला) दोन-तीन रोपं. दसऱ्याच्या आसपास निसवलं (लोंब बाहेर पडली), आता दाणा चिकात आहे. परवाच्या पावसानं निम्म्याहून जास्त भात लोळलं. रानात तीन तऱ्हेची झाडं वेगळी दिसतात.

पहिली तऱ्हा, चार चुडी: बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच, पान फिकट, काडी बारीक. बांधावरनं बघितलं की आधी हीच डोळ्यांत भरतात.

दुसरी, एकच चूड: बुटकी, बुडाला जांभळी, दाण्याला लांब कुसळ.

तिसरी, एकच चूड: भात लोळलं म्हणूनच दिसली. पान, लोंब, दाणा सगळं घनसाळचं, फक्त हातभर कमी उंच आणि ताठ उभी.

वडील म्हणतात तिन्ही भेसळ, उपट. शेजारचे काका म्हणतात उंच वाढलेल्याचं बी धर, त्यात जोर आहे. पलीकडच्या बांधाला एका बुटक्या, वास नसलेल्या वाणाचं भात आहे, मधे जेमतेम दीड मीटर. काय करावं? आणि जाता जाता, उसातल्या एका बेटाच्या पानांवर पांढरे पट्टे आलेत, ते काय असेल?

तरवा_आणि_चिखल

काकांचा मान ठेवून सांगतो, त्या उंच चारांचं बी अजिबात धरू नका. तो जोर नाही, रोग आहे. बकाने म्हणतात त्याला. शब्द जपानी, अर्थ साधारण ‘वेडं रोप’.

खात्री करायची तर एक चूड हळू उपटा आणि बुडाचा चिखल धुवा. खालच्या दोन-तीन पेरांवर, जमिनीच्या वरच, मुळं फुटलेली दिसतील. काडीच्या तळाला पांढरट-गुलाबी भुकटी असली तर शंकाच नको. लोंब चिमटीत दाबा, बहुतेक दाणे पोचट लागतील. फुटवेही शेजारच्या चुडीपेक्षा कमी असतात.

उंची वाढते ती फ्युजॅरियम बुरशीनं सोडलेल्या द्रव्यामुळं. जपानी शास्त्रज्ञ कुरोसावांनी १९२६ मध्ये दाखवलं की बुरशी काढून टाकून नुसतं तिचं पाणी रोपाला दिलं तरी रोप तसंच ताडमाड वाढतं. पुढं १९३५ मध्ये याबुतांनी त्या द्रव्याला जिबरेलिन नाव दिलं. तासगावकडं द्राक्षाचा मणी लांब करायला ‘जीए’त घड बुडवतात ना, तेच हे. द्राक्षात आपण मोजून देतो, इथं बुरशी बेहिशेबी देते, एवढाच फरक.

करायचं काय: चारही चुडी मुळासकट काढून सरळ पोत्यात घाला आणि रानाबाहेर जाळा. बांधावर टाकू नका. खरं तर हे निसवायच्या आधी व्हायला हवं होतं, कारण फुलोऱ्यात ही बुरशी शेजारच्या दाण्यांवर जाऊन बसते. म्हणून त्या चुडींच्या भोवतीच्या दोन-तीन मीटरमधलं भात खायला ठेवा, बियाण्याला नको.

पुढच्या वर्षी पेरणीआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून बी त्यात ओता. तरंगेल ते काढून टाका. खाली बसलेलं दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुवा (हे विसरलं की उगवण मार खाते), सावलीत वाळवा आणि किलोला २.५ ते ३ ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळा.

भोगावती_काठ

वरचं बरोबर. आता उरलेल्या दोन.

दुसऱ्या चुडीत तीन गोष्टी एकदम बदलल्यात: उंची, जांभळा रंग, कुसळ. निसर्गात आपोआप होणारा बदल सहसा एका वेळी एकाच गुणात होतो. तीन गुण एकाच झाडात बदलले म्हणजे दाणा बाहेरून आला, मळणी यंत्रातून नाहीतर पोत्याच्या शिवणीतून. शेजारच्या वाणाशी संकर झाला म्हणावं तर तेही जुळत नाही, कारण उंच आणि बुटक्याच्या संकराची पहिली पिढी उंचच निघते. कुसळ आणि जांभळं बूड बघून मला देवभाताचा (रानटी भाताचा) संशय येतोय. देवभाताचा दाणा पिकता पिकता गळतो आणि पुढची कित्येक वर्षं रानात उगवत राहतो. तेव्हा ही चूड आजच काढा. नुसती लोंब कापली तर मागून फुटवा निसवेल, मुळासकटच उपटा.

आता तिसरी. मंडळी, हीच खरी बघण्यासारखी आहे आणि नेमकी हीच लांबून दिसत नाही. घनसाळचं दुखणं काय? वास आहे, चव आहे, पण उंच वाढतं आणि ऐन दाणा भरताना आडवं होतं. लोंब पाण्यात पडली की दाणा काळा पडतो, कधी जागेवरच उगवतो. बाकी सगळं घनसाळचं आणि उंची तेवढी कमी, हा एका गुणाचा बदल आहे. लगेच नाचू नका, पण उपटू मुळीच नका.

बुटकं राहायची साधी कारणंही असतात. आधी चुडीच्या बुडाशी बोट घाला: दगड आहे का, खेकड्याचं बीळ आहे का, पाणी कमी पोचतंय का? पान नारिंगी-पिवळं आणि दाणे अर्धे पोचट असतील तर रोग. चारी बाजूंच्या चुडी पूर्ण उंच असतील आणि हिची लोंब भरलेली असेल तरच पुढं जा.

वासाची परीक्षा आजही करता येते. पान बारीक कापून २ ग्रॅम घ्या, १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० मिली द्रावणात टाका, झाकण लावून १० मिनिटं ठेवा, मग उघडून हुंगा. द्रावण कातडी भाजतं, हातमोजे घाला. सोबत साध्या घनसाळचं एक पान आणि पलीकडच्या बांधावरचं एक पान अशा दोन बाटल्या ठेवा, नाहीतर नाक काहीही सांगतं. एका बैठकीत तीन-चार बाटल्यांपेक्षा जास्त हुंगू नये, नाक बधिर होतं.

वास आलाच नाही तर शेजारच्या वाणाचं रक्त शिरलंय हे नक्की. घरचं बी वर्षानुवर्षं धरता, मधे दीड मीटर. बियाण्याच्या भातासाठी किमान ३ मीटर अंतर धरतात. भातात परपरागीभवन (दुसऱ्या झाडाचा पराग बसणं) सहसा एक टक्क्याच्या आत असतं, पण असतं. गेल्या वर्षी संकराचं झाड उंच असल्यामुळं घनसाळमध्ये लपून गेलं असेल आणि त्याचा दाणा यंदा बुटका निघाला असेल. अशा वेळी पिकल्यावर एकेक तांदूळ सोलून वेगवेगळा चावा. सुवासाचा गुण दबणारा आहे, त्यामुळं संकराच्या रक्ताच्या लोंबीत बऱ्याचदा साधारण चारातला एक दाणा सुवासिक लागतो. मूठभर एकदम चावलात तर काहीच कळणार नाही.

आजरेकर_रान

आभार. पेरं धुतली, मुळं आहेत, चारही चुडी जाळल्या. जांभळीही काढली. तिसरीच्या बुडाशी दगड नाही, लोंबी भरल्यात. पण चुडीला दोन-तीन रोपं लावली होती, मग सगळे फुटवे एकाच झाडाचे कशावरून? आणि एका चुडीसाठी एवढा खटाटोप करण्यात अर्थ आहे का, हा वडिलांचा प्रश्न.

भोगावती_काठ

वडिलांना हिशेब सांगा. १२ गुंठे म्हणजे सुमारे १,२०० चौरस मीटर, तुमच्या अंतरानं जवळपास ४०,००० चुडी. त्यात वेगळ्या सहा, म्हणजे ०.०१५ टक्के. प्रमाणित बियाण्याला भेसळ झाडं ०.२० टक्क्यांपर्यंत चालतात, पायाभूतला (ज्यापासून प्रमाणित बी करतात त्याला) ०.०५. तुमचं रान शुद्धच आहे, आणि म्हणूनच तिसरी चूड दिसली. भेसळीच्या रानात अशी एक चूड कुणाच्या बापाला दिसली नसती.

फुटव्यांचं: बुडाचा चिखल पाण्यानं हळू सारा. एका रोपाचे फुटवे एकाच गड्ड्यातून फुटलेले दिसतात, दुसऱ्या रोपाचा गड्डा चिकटून असला तरी बोटानं विलग होतो. चुडीत एखादा फुटवा उंच आणि लोळलेला असेल तर तो दुसऱ्या रोपाचा, त्याची लोंब आताच कापून बाजूला करा. उरलेल्या ताठ फुटव्यांना खताच्या पिशवीची पट्टी सैल बांधा. काठीचा आधार देऊ नका, ती आपली आपण उभी राहते का हेच तर बघायचंय. लोंबींवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा टाका, एकच चूड असली की चिमण्या अर्ध्या दिवसात साफ करतात.

बहुतेकांचं इथं चुकतं: कापणीच्या दिवशी रानात दहा माणसं, आणि ती चूड सगळ्यांबरोबर कापली जाते. पट्टी कापणाऱ्याला दिसत नाही. म्हणून लोंबीतले ८०-८५ टक्के दाणे पिवळे झाले की बाकीच्या रानाच्या चार दिवस आधी स्वतः विळा घेऊन जा. मळणी हातानं, परातीत. यंत्राचं नाव काढू नका.

पुढच्या खरिपात सगळं बी पेरू नका. निम्मं डब्यात राहू द्या, तरवा गेला तर तेवढाच आधार. उरलेल्यातले शंभरेक दाणे वेगळ्या गादीवाफ्यावर, वाफ्याला खांबाएवढी खूण. लावताना चुडीला एकच रोप. पन्नास रोपांची ओळ, दोन्ही अंगांना साध्या घनसाळची एकेक ओळ, खत-पाणी तिघींना सारखं. बुटक्या ओळीला युरिया कमी दिला की ती ताठ राहणारच, मग परीक्षा कसली?

ओळ काय सांगेल ते असं. सगळी उंच निघाली तर यंदाचं बुटकेपण जागेचं होतं, विषय संपला. सगळी बुटकी आणि बाकी गुण सारखे, तर बदल पक्का. पन्नासांत एखादं उंच निघालं तर घाबरू नका, यंदा भोवतीच्या घनसाळचा पराग बसला असेल, तेवढं उपटा. साधारण चौथाई उंच निघाली तर गुण अजून फुटतोय, बुटक्यांतल्या दहा-बारा झाडांचं बी वेगवेगळं ठेवून आणखी एक-दोन हंगाम ओळी लावाव्या लागतील. आणि दाणा, वास, कुसळ, दिवस सगळंच विखुरलेलं दिसलं तर तो जुना संकर.

बेणेमळा

उसाचं मी सांगतो. आधी केवडा (लोह कमी पडून पान पिवळं पडणं) नाही ना ते बघा. केवड्यात शिरा हिरव्या राहतात आणि मधलं पान पिवळं-पांढरं होतं, पट्ट्याची कड पुसट असते, आणि एकच बेट नाही तर रानाचा पट्टाच्या पट्टा पिवळा पडतो. १० लिटरला ५० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) घालून फवारा, आठ-दहा दिवसांत नवीन पान हिरवं निघालं तर लोह कमी होतं. गवतासारखे बारीक, फिकट फुटवे मोप फुटले असतील तर गवताळ वाढ, अख्खं बेट खणून काढा.

पट्ट्याची कड सुरीनं कापल्यासारखी असेल, पानाच्या बुडापासून शेंड्यापर्यंत सलग जात असेल आणि फवारूनही बदलत नसेल, तर तो पट्टेरी ऊस. त्या कांडीच्या शेंड्यातल्या काही पेशींनी हिरवेपणा गमावलाय. वाढं सोलून कांडीवर बघा, तोच पट्टा सालीवर खाली उतरलेला असतो. पट्ट्याच्या पांढऱ्या भागातल्या डोळ्याचा कोंब पांढराफेक येतो आणि कांडीतला साठा संपला की मरतो. हिरव्यातला हिरवाच. पट्ट्याच्या सीमेवर बसलेला डोळाच काय तो पट्टेरी ऊस देतो. कुंडीत शोभेला लावा, साखरेच्या हिशेबानं उपयोग शून्य, हिरवं पान कमी म्हणजे वजन कमी. बेण्यात (लावणीच्या कांड्यांत) मात्र मिसळू देऊ नका.

सातबारा_आणि_बी

एवढ्यासाठी एवढं का, याचं उत्तर चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावात आहे. दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये ‘पटेल ३’ या भाताच्या रानात तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांचं बी वेगळं वाढवत नेलं, त्यातून एचएमटी भात आलं. आपल्या शेजारचं तास-ए-गणेश द्राक्षही थॉम्पसन या द्राक्षाच्या बागेतून निवडून काढलेलंच.

ओळ सलग दोन-तीन हंगाम सारखी राहिली तर वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ खाली शेतकऱ्याचा वाण म्हणून नोंदता येतो, शेतकऱ्याला नोंदणी शुल्क नाही. तिथं तीनच गोष्टी बघतात: वेगळेपण, एकसारखेपणा, स्थैर्य. म्हणून आजपासून वही ठेवा. पेरणीची तारीख, निम्म्या झाडांना लोंब आल्याची तारीख, पिकल्यावर दहा झाडांची जमिनीपासून लोंबीच्या टोकापर्यंत उंची, हजार दाण्यांचं वजन, किती झाडं लोळली. शेजारच्या घनसाळच्या ओळीचे आकडे त्याच पानावर, नाहीतर तुलना कशाशी करणार? दुसऱ्या हंगामानंतर वही आणि लोंबी घेऊन राधानगरीच्या कृषी संशोधन केंद्रात दाखवा.

एक मात्र लक्षात असू द्या, आजरा घनसाळला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे. ही ओळ टिकली तरी तिला घनसाळ म्हणून विकू नका, नाव वेगळं द्या.

आजरेकर_रान

वही घातली. पानाच्या परीक्षेत वास आला, घनसाळच्या बाटलीइतकाच. बी ठेवायचं कशात?

तरवा_आणि_चिखल

वास आला म्हणजे शेजारचं रक्त नाहीच असं होत नाही, चारातलं एक तसंही सुवासिक निघतं. ओळ लावूनच कळेल.

बी सावलीत वाळवा, दाताखाली कट्ट वाजलं पाहिजे. दोन कागदी पाकिटं करा, आत-बाहेर दोन्हीकडं पेन्सिलीनं लिहा, शाई ओलीनं पसरते. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, ओल राहिली असेल तर बुरशी येते. पाकिटं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घाला, आणि दोन डबे दोन वेगळ्या खोल्यांत ठेवा. उंदीर एकाच खोलीत लागतो.