श्रीलंका नक्की कुणाच्या खिशात गेली? (‘पहारेकरी’ यांच्या लेखाला उत्तर)

दक्षिणायन

पहारेकरी यांचा ‘लंकेने दिल्लीच्या तोंडाला पाने पुसली’ हा लेख वाचला. तिथे प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा काढतोय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी: लंकेचे राष्ट्राध्यक्ष अनुरा कुमारा दिसानायके यांची मंडळी मार्क्सवादी आणि भारतद्वेष्टी, त्यांना संसदेत दोन तृतीयांश मिळाले म्हणजे कोलंबो बीजिंगच्या खिशात, आणि २०२२ साली आपण केलेली ४ अब्ज डॉलरची मदत पाण्यात. खाली टाळ्यांचा कडकडाट.

अहो, १४ नोव्हेंबर २०२४ ला लंकेच्या मतदाराने ज्या रागाने मत दिलं त्यात दिल्ली नव्हती आणि बीजिंगही नव्हतं. २०२० मध्ये दिसानायके यांच्या एनपीपी आघाडीला ३ जागा होत्या, मतं ४ टक्क्यांच्याही आत. २०२४ मध्ये २२५ पैकी १५९. मधल्या काळात देशाने परकीय कर्जाचे हप्ते थांबवले, पेट्रोलच्या रांगेत माणसं मेली, रोज तासन् तास वीज गेली. राजपक्ष्यांचा पक्ष १४५ वरून ३ वर आला. हा ‘लुटलंत, आता चालते व्हा’ असा कौल आहे. त्यात परराष्ट्र धोरण शोधायचं तर भिंग लागेल.

आणि परराष्ट्र धोरण आहे कुठे मोकळं? मार्च २०२३ पासून नाणेनिधीचा ४८ महिन्यांचा, सुमारे ३ अब्ज डॉलरचा कार्यक्रम चालू आहे. प्रत्येक आढावा पार पडला की पुढचा हप्ता. त्यासाठी कर्जाची फेररचना हवी. ती दोन टेबलांवर झाली: भारत, जपान आणि फ्रान्सच्या अध्यक्षतेखालच्या समितीशी ५.८ अब्ज डॉलर आणि चीनच्या एक्झिम बँकेशी वेगळे ४.२ अब्ज. दोन्हीकडच्या सह्या लागणार असतील तर राष्ट्राध्यक्ष डिसेंबरात दिल्लीला आणि जानेवारीत बीजिंगला जाणारच. तिथे मार्क्स बसला असता तरी हेच केलं असतं.

दिल्लीला हे आपल्या चर्चाबहाद्दरांच्या आधी कळलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये, हा माणूस तीन खासदारांच्या पक्षाचा नेता होता तेव्हाच, त्याला सरकारी पाहुणा म्हणून बोलावलं. जयशंकर भेटले, डोवाल भेटले, गुजरात आणि केरळ दाखवलं. पाने पुसून घेणारे असं करत नाहीत.

पहारेकरी

वा! दूतावासाचं प्रसिद्धीपत्रक मराठीत वाचायला मिळालं.

एनपीपीचा गाभा म्हणजे दिसानायके यांचा मूळ पक्ष जेव्हीपी, त्याचा इतिहास एका वाक्यातही आला नाही, हा योगायोग नसावा. केडरला द्यायच्या पाच व्याख्यानांपैकी एक ‘भारतीय विस्तारवादा’वर होतं. १९८७ चा भारत-श्रीलंका करार झाल्यावर दोन वर्षं रक्तपात कुणी केला? भारतीय मालावर बहिष्कार कुणी पुकारला? अशांना बोलावलं म्हणून ते बदलले, असं गृहीत धरणं भाबडेपणाचं आहे.

आताची यादीही घ्या. परदेशी संशोधन जहाजांवरची बंदी वर्षभराचीच होती, ती डिसेंबर २०२४ ला संपू दिली. जानेवारीत बीजिंगमध्ये हंबनटोटा बंदराजवळच्या ३.७ अब्ज डॉलरच्या सिनोपेक रिफायनरीवर सही. फेब्रुवारीत मन्नारचा अदानींचा पवनऊर्जा प्रकल्प गेला. तीन महिन्यांत तीन गोष्टी. हे तुम्हाला भिंगाशिवाय दिसू नये?

हिशेबनीस

पहारेकरी, तुमच्या यादीतली एकेक वस्तू उलटून बघू.

मन्नार आणि पूनेरिन मिळून ४८४ मेगावॅट. आधीच्या सरकारने २० वर्षांसाठी युनिटला ८.२६ सेंट दर मान्य केला होता, तोही खुली निविदा न काढता. नव्या सरकारचं म्हणणं होतं ६ सेंटच्या खाली या. शिवाय मन्नार हा स्थलांतरित पक्ष्यांचा मार्ग, त्यावरून सर्वोच्च न्यायालयात याचिका होत्याच. कंपनीने स्वतः पत्र लिहून माघार घेतली. त्याच अदानी समूहाचा ५१ टक्के हिस्सा असलेलं कोलंबो वेस्ट टर्मिनल एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालं, ते कुणी अडवलं नाही. वीज महाग वाटली म्हणून घासाघीस करणं म्हणजे चीनधार्जिणेपणा असेल तर आपली प्रत्येक राज्य वीज कंपनी चीनधार्जिणी आहे.

जहाजं. ‘युआन वांग ५’ हे चिनी जहाज ऑगस्ट २०२२ मध्ये हंबनटोटाला लागलं. ‘शी यान ६’ हे दुसरं, ऑक्टोबर २०२३ मध्ये कोलंबोला. दोन्ही वेळा राष्ट्राध्यक्ष रनिल विक्रमसिंघे, म्हणजे ज्यांना तुम्ही ‘आपला माणूस’ म्हणता ते. हंबनटोटा बंदर चिनी कंपनीला ९९ वर्षांसाठी १.१२ अब्ज डॉलरला दिलं २०१७ मध्ये, तेव्हा पंतप्रधान तेच.

आणि ते ४ अब्ज. दानपेटीत टाकल्यासारखं लिहिलंय. त्यात १ अब्जाची कर्जाऊ सोय अन्नधान्य आणि औषधांसाठी, इंधनासाठी आधी ५० कोटी आणि मग २० कोटी डॉलर, ४० कोटींची चलन अदलाबदल, आणि आशियाई क्लिअरिंग युनियनमधली देणी लांबणीवर टाकणं. वेळेवर केलेली मदत होती, जानेवारी २०२३ मध्ये नाणेनिधीला पहिली हमीही आपणच दिली, त्याचं श्रेय घ्याच. पण बहुतेक रक्कम परतफेडीची आहे.

पहारेकरी

रनिलचा मुद्दा मान्य, तुमच्या समाधानासाठी. पण तेव्हा संसदेत त्यांचं स्वतःचं पाठबळ नव्हतं. आताच्या सरकारला तमिळ उत्तरेतल्या जाफनासकट सगळ्यांनी डोक्यावर घेतलंय. उद्या राज्यघटना बदलून प्रांतांना अधिकार देणारी तेरावी दुरुस्ती काढली तर दिल्ली काय करणार? १९८७ चं आपलं एकमेव फलित ते.

मतपेटी

‘जाफनासकट’ हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की आता लिहावंच लागेल.

पद्धत अशी: २२ जिल्ह्यांतून १९६ जागा, उरलेल्या २९ राष्ट्रीय यादीच्या, त्या देशभरच्या मतांच्या प्रमाणात. जिल्ह्यात मतदार आधी पक्षाच्या चिन्हासमोर फुली मारतो, मग हवं तर त्याच पक्षाच्या जास्तीत जास्त तीन उमेदवारांच्या क्रमांकांवर पसंतीची फुली. मोजताना ५ टक्क्यांखालचे पक्ष बाद. पहिल्या आलेल्या पक्षाला एक जागा बोनस. उरलेल्या मतांना उरलेल्या जागांनी भागायचं, पूर्ण भाग जातील तितक्या जागा, आणि मग ज्याची बाकी मोठी त्याला.

जाफना जिल्हा, ६ जागा. एनपीपीला साधारण ८० हजार ८०० मतं, तमिळ अरसु कच्चीला ६३ हजार ३००, त्यामागे तमिळ काँग्रेस आणि १७ क्रमांकाचा अपक्ष गट २८-२८ हजारांच्या आसपास. ५ टक्क्यांखालच्यांची जवळपास पाव मतं बाद झाली. उरलेली साधारण २ लाख ४० हजार भागिले ५, म्हणजे एका जागेला ४८ हजार. एनपीपीला बोनसची १, भागाकाराची १, आणि बाकी ३२ हजारांची म्हणजे सर्वांत मोठी, म्हणून आणखी १. तमिळ अरसुला भागाकाराची १ मिळाली, पण बाकी फक्त १५ हजार, तिथेच थांबली. उरलेल्या दोन जागा तमिळ काँग्रेस आणि अपक्ष गटाला, एकेक.

म्हणजे २५ टक्के मतांत निम्म्या जागा. तमिळ पक्ष एकत्र लढले असते तर बोनसही त्यांचाच होता. ‘जाफनाने डोक्यावर घेतलं’ नाही, जाफनाची मतं फुटली. मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत एनपीपी देशभरात ६१ वरून ४३ टक्क्यांवर आली, तेही नोंदवून ठेवा.

बाकी तेराव्या दुरुस्तीचं म्हणाल तर ती काढायची गरज काय? प्रांतिक परिषदांच्या निवडणुका २०१४ नंतर झालेल्याच नाहीत. कागदावर ठेवून मारलीय, आणि हे काम एनपीपीच्या आधीच्यांनी केलंय.

दक्षिणायन

मतपेटी, आकडेमोड चोख. पण ज्यांनी एकेकाळी उत्तर आणि पूर्व प्रांतांच्या विलीनीकरणाविरुद्ध कोर्टात जाऊन ते मोडलं, त्या जेव्हीपीला जाफनात पाव मतं मिळणं हीसुद्धा लहान गोष्ट नाही. आणि तिथल्या मतदाराला भारताकडून हवी असलेली पहिली गोष्ट तेरावी दुरुस्ती नाहीच, लंकेच्या हद्दीत मासेमारी करणारे आपले ट्रॉलर थांबवा ही आहे. दर भेटीच्या संयुक्त निवेदनात त्यावर एक गुळगुळीत परिच्छेद असतो. एप्रिल २०२५ ला पंतप्रधान कोलंबोला गेले, संरक्षण करार झाला, त्रिंकोमालीच्या तेलकेंद्रावर अमिरातीसह करार झाला. मासळीच्या वाट्याला तोच ‘मानवतावादी दृष्टिकोन’ आला.

मद्रासकर

अवांतर आहे, पण ‘आपले ट्रॉलर थांबवा’ हे वाक्य पुण्या-मुंबईत बसून फार सोपं जातं. २०२४ मध्ये ५०० हून जास्त भारतीय मच्छीमार पकडले गेले. जानेवारी २०२५ मध्ये जाफनाजवळच्या डेल्फ्ट बेटापाशी गोळीबार झाला, माणसं जखमी झाली. होड्या जप्त होतात त्या परत मिळत नाहीत. मुळात १९७४ मध्ये कच्चतीवु बेट लंकेला देऊन टाकलं नसतं तर ही वेळच आली नसती. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडू विधानसभेने ठराव केलाय, तो वाचा.

रापणकर

मद्रासकर, कच्चतीवु २८५ एकराचं बेट. ते उद्या परत मिळालं तरी तुमचे ट्रॉलर तिथे थांबणार नाहीत. ते डेल्फ्ट आणि जाफनाच्या किनाऱ्यापर्यंत जातात, कारण कोळंबी तिथे आहे. १९७६ च्या दोन्ही सरकारांमधल्या पत्रांनी दोन्ही बाजूंची मासेमारी सीमेपलीकडे बंद झाली, आणि त्याच वेळी कन्याकुमारीखालची वेज बँक, म्हणजे मासळीचा तो समृद्ध उथळ पट्टा, आपल्याकडे आली. ती परत करायचा ठराव कुणी केलाय का?

ट्रॉल काय करतो ते सांगतो, कारण इथे बरेच जण ‘गरीब मच्छीमार’ म्हणून हळहळतायत. नसराळ्यासारखं जाळं, तोंड फाकवायला दोन बाजूंना दोन जड फळ्या, खालच्या दोराला साखळी. पाल्कच्या सामुद्रधुनीजवळच्या त्या उपसागरात पाणी बहुतेक जागी १५ मीटरच्या आत. तिथे साखळी तळावरून ओढली की समुद्री गवत, पिल्लं, अंडी सगळं उपटून येतं. शेपटाकडच्या पिशवीची आस, म्हणजे जाळ्याचं भोक, बारीक असली की हाताच्या बोटाएवढी मासळीही सुटत नाही, ती कोंबडीखाद्याच्या कुटीला जाते. जोडीने ओढणारे तर आणखी वाईट, आणि ते तमिळनाडूतही बेकायदाच आहेत.

समोर जाफनाचा माणूस छोट्या फायबर होडीतून रात्री तरंगतं जाळं सोडतो. ट्रॉलर वरून गेला की जाळं फाटलं, हंगाम संपला. म्हणून तिथले लोक सोमवार, बुधवार, शनिवार रात्री होड्याच काढत नाहीत, ते ट्रॉलरांचे वार. युद्धाच्या काळात त्यांना समुद्रबंदी होती तेव्हा तुमच्यांना सवय लागली, २००९ नंतर ते परत आले आणि भांडण सुरू झालं. लंकेच्या संसदेने २०१७ मध्ये तळ खरवडणारा ट्रॉल पूर्ण बंद केला.

आता इथल्या मंडळींना विचारतो. कर्नाटकातल्या मलपीचे हायस्पीड ट्रॉलर सिंधुदुर्गाच्या १२ मैलांत घुसले की आपण काय करतो? गस्तीनौका मागतो, दंड वाढवा म्हणतो, एलईडीचे दिवे लावून मासे पकडणाऱ्यांविरुद्ध मोर्चे काढतो. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणीवाल्याचं जे दुखणं, तेच जाफनावाल्याचं. फक्त मधे सीमा आली की आमच्याच लोकांचा न्याय बदलतो. मलपीवालो आपलो शत्रू, आणि रामेश्वरमवालो हुतात्मा? तेव्हा ह्यांका मासळीची पिल्लां आठवणा नाय.

पहारेकरी

परराष्ट्र धोरणाचा धागा होता, लिलावाची ओरड सुरू झाली.

हिशेबनीस

लिलावातच धोरण ठरतंय साहेब. जाफनातले खासदार संसदेत बोलतात ते याच विषयावर, आणि चीनचा राजदूत उत्तरेत मच्छीमारांना जाळी आणि तांदूळ वाटत फिरतो ते उगाच नाही.

मद्रासकर

रापणकर, मलपीचा टोला बसला, घ्या. पण ‘ट्रॉल सोडा’ म्हणून सुटतो का? २०१७ ची योजना आठवा: ३ वर्षांत २ हजार ट्रॉलर काढून खोल समुद्रातली ट्यूना नौका द्यायची. नौकेची किंमत ८० लाख. केंद्र ४० लाख, राज्य १६, बँकेचं कर्ज १६, मालकाचे ८. मूठभर नौकाच पाण्यात उतरल्या. का?

एक, रामेश्वरमचा ट्रॉलर संध्याकाळी जाऊन सकाळी परततो. ट्यूनाची फेरी दोन-तीन आठवड्यांची, डिझेल, बर्फ, आमिष सगळं आगाऊ भरायचं, आणि मासा मिळाला नाही तर तो सगळा खर्च मालकाच्या डोक्यावर. दोन, लांब दोरीला शेकडो गळ लावून ट्यूना पकडणं हे वेगळंच कसब, ट्रॉलवरच्या खलाशाला ते येत नाही. मासा वर आल्याबरोबर रक्त काढून बर्फात गेला नाही तर दर निम्म्यावर येतो. तीन, बंदर उथळ, मोठी नौका लागणार कुठे? चार, जुना ट्रॉलर मोडीत काढल्याचा दाखला दिल्याशिवाय अनुदान नाही, आणि नवी नौका बांधून मिळेपर्यंत घर कशावर चालवायचं?

आणि किनाऱ्यालगतचे काही सागरी मैल छोट्या होड्यांना राखीव. त्यापुढे सीमारेषेपर्यंत उरते चिंचोळी पट्टी. एवढ्या ट्रॉलरांना ती पुरणारच नाही. ते मुद्दाम सीमा ओलांडतात हे मी नाकारत नाही. पर्याय काय दिलात ते सांगा.

रापणकर

शेवटचं वाक्य तुमच्या पहिल्या प्रतिसादात असतं तर अर्धा धागा वाचला असता.

पर्याय: ट्यूनाचा हट्ट सोडा. ट्रॉलर सरकारने रोख विकत घ्यावा आणि तोडावा, बदल्यात नौका घ्या अशी अट नको. मालक काहीही करो, खलाशाला मात्र वेगळी भरपाई हवी, कारण मालकाला अनुदान मिळतं आणि जाफनाच्या तुरुंगात खलाशी बसतो. जोडीचे ट्रॉल आजच बंद करता येतात, नवा कायदा नको, बंदरात समुद्रात जायचं टोकन देणाऱ्या खिडकीवरच अडवा. टोकनाशिवाय डिझेलची सूट मिळत नाही.

मद्रासकर

खिडकीवर बसलेल्याचा मेहुणा ट्रॉलरमालक असतो, तेवढं सोडलं तर योजना छान आहे. रोख खरेदीला माझा विरोध नाही. आकडा मात्र चेन्नईतून येऊ दे, दिल्लीने परत ८० लाखांसारखा कागदी आकडा काढू नये.

पहारेकरी

सगळ्यांचं जमलं वाटतं. मग जहाजांच्या नव्या नियमावलीचं काय झालं, हे कुणी सांगणार आहे का? बंदी संपली तेव्हा ‘समिती नेमू’ म्हणाले होते. तो माझा मूळ प्रश्न होता, कोळंबी नव्हे.

मतपेटी

तुमचा मूळ प्रश्न ‘खिशात गेली का’ हा होता. नियमावली हा त्याहून बरा प्रश्न आहे. वेगळा धागा काढा, येतो.