बेल्जियमने हुतू-तुत्सी भांडण 'लावलं' म्हणणाऱ्यांसाठी

रात्रपाळी:
परवा एकाने पोस्ट टाकली की रवांडात बहुसंख्य हुतू आणि अल्पसंख्य तुत्सी पिढ्यानपिढ्या गुण्यागोविंदाने नांदत होते, तिथे राज्य करणाऱ्या बेल्जियमने हुतू की तुत्सी लिहिलेली ओळखपत्रं वाटली आणि त्यातून 1994 ची तुत्सींची कत्तल घडली. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. गोरे यायच्या आधी राजा र्वाबुगिरीच्या काळातच उबुरेत्वा होतं, म्हणजे जमीन कसायची तर सरदाराकडे फुकट राबायचं, आणि ते हुतूंच्याच माथी. हे गुण्यागोविंदाने का? बेल्जियम गेलं 1962 ला. पुढची 32 वर्षं कार्डावर हुतू की तुत्सी हे कोण छापत होतं? कायिबांडा आणि हाब्यारिमाना, स्वातंत्र्यानंतरचे हुतू राष्ट्राध्यक्ष. दोघंही रवांडाचेच.

चिंचपाणी:
अर्धंच सांगताय. तेव्हा गुरं जमवलेला हुतू वर चढू शकायचा, हुतू सरदार होते, एकाच कुळात दोन्ही लोक, भाषा एक. बेल्जियमने 1926 पासून हुतू सरदार काढत आणले, 1931 ला मुसिंगा राजा ऐकत नाही, बाप्तिस्मा घेत नाही म्हणून त्याला उतरवून पोराला गादीवर बसवलं आणि 1933-34 च्या जनगणनेत प्रत्येकावर कायमचा शिक्का मारला. तुत्सी म्हणे उत्तरेकडून आलेले, जवळपास गोरेच. नाकं मोजली हो यांनी माणसांची! आणि तुत्सी पुढारी स्वातंत्र्य मागायला लागल्यावर 1959 ला त्याच बेल्जियमने पलटी मारली, तुत्सी सरदार हटवून हुतू नेमले. यात रवांडाच्या माणसांना कुणी विचारलं होतं?

पावशेर:
मी किगालीत नोकरीला होतो. आमच्या ड्रायव्हरची आई हुतू, वडील तुत्सी, पोरांचं कार्ड वडिलांवरून. 94 ला नाक्यावर कार्ड बघून मोठ्या भावाला बाजूला घेतलं, आईला म्हणाले तू जा. ती गेली नाही. त्यानंतर मला या वादात कार्डाला किरकोळ म्हणणारा माणूस सहन होत नाही.

रात्रपाळी:
ऐकून वाईट वाटलं, मनापासून. पण नाक्यावर उभा होता तो बेल्जियन नव्हता.

रानमांजर:
सगळे रवांडावरच बोला. शेजारच्या बुरुंडीत बेल्जियम तेच, हुतू-तुत्सी तेच, पण सत्ता आणि सैन्य तुत्सींकडे राहिलं. 1972 ला दक्षिणेत हुतूंचं बंड झालं, त्यात तुत्सी मारले गेले, आणि मग तुत्सी राष्ट्राध्यक्ष मिकोम्बेरोच्या सैन्याने शिकलेला हुतू वेचून वेचून मारला, शिक्षक, कारकून, शाळेतली पोरंसुद्धा. लाखाच्या वर माणसं. त्यावर आपल्याकडे चार ओळी कुणी लिहीत नाही.

चिंचपाणी:
धागा रवांडाचा आहे. विषयांतर नको.

रानमांजर:
विषयांतर कसलं? तिथले हुतू निर्वासित रवांडातच आले ना! ऑक्टोबर 1993 ला न्दादाये, बुरुंडीचा निवडून आलेला पहिला हुतू अध्यक्ष, सैन्यातल्या तुत्सींनीच मारला. रवांडात तुत्सींविरुद्ध भडकवणाऱ्या रेडिओवाल्यांना आयतं मिळालं, बघा, तुत्सींना सत्तेत वाटा दिला की हे होतं. सहा महिन्यांत कत्तल सुरू.

पावशेर:
म्हणजे 94 ला कारण होतं असं म्हणायचंय तुम्हाला? लाज वाटू द्या जरा.

रानमांजर:
माझ्या तोंडी वाक्यं घालू नका! मेलेले हुतू पण मोजा एवढंच म्हणतोय. रवांडात 94 च्या 7 एप्रिलला हुतू कट्टरांनीच मारलेल्या पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना हुतूच होत्या, त्या तरी मोजता की नाही?

रात्रपाळी:
भांडू नका. कार्ड नसतं तर इतक्या झपाट्याने माणूस वेगळा काढता आला नसता, एवढं मान्य, चिंचपाणी. बाकी काही मान्य नाही. कार्ड छापलं बेल्जियमने, रद्द करणं मात्र यांच्या हातात होतं.

चिंचपाणी:
1959 ला ज्यांना खुर्ची त्याच शिक्क्यावर मिळाली ते कशाला रद्द करतील? तेच तर सांगतेय मघापासून.

रानमांजर:
बुरुंडीत र्वागासोरे होता ना, राजपुत्र, पक्षात हुतू-तुत्सी दोघांना घेऊन निवडणूक जिंकला. ऑक्टोबर 1961 ला त्याला गोळी घातली, स्वातंत्र्याला वर्षही उरलं नव्हतं. त्यावर वेगळा धागा काढतोय, तिकडे या.